फाटकाबाहेरची विक्री

गाद्यांच्या कारखान्याचा मालक स्वतःला शेठ म्हणवून घ्यायचा. थोरली बहीण मात्र चारचौघांत त्याला बाळ्या म्हणायची, आणि ती निम्म्याची भागीदार असल्यामुळे तिला अडवायची सोय नव्हती.

त्या सकाळी तो तिच्या स्वयंपाकघरात शिरला तो रंगीत तक्ते घेऊनच. विक्री दीडपट, नफा भरघोस. रेघ अशी चढली होती की कागद संपला म्हणूनच थांबली असावी. तक्त्यांखाली बँकेचा अर्ज होता. दुसऱ्या गोदामासाठी कर्ज; तारण, ताईचं राहतं घर.

"फक्त सही कर, ताई. आकडेच बोलतायत बघ."

"कामगारांचा पगार का थकलाय, त्यावर नाही बोलत ते?"

"अगं, पैसा फिरतोय. खेळतं भांडवल म्हणतात त्याला."

"खेळू दे की. जेवायच्या वेळेला तरी घरी येतं का?"

शेठ हसला, पण उसनं. ताईने पेनाचं टोपण काढलं, अर्ज वाचायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीला थांबली.

"माल सगळा विकला गेला ना?"

"एकूण एक गादी!"

"मग नव्या गोदामात काय ठेवणार?"

शेठने तक्ते उगाच सरळ केले. 'जुनं गोदाम भरलंय' हे उत्तर जिभेवर आलं होतं, पण ते त्याचं त्यालाच विचित्र वाटलं असणार.

घर माझं आहे, बघितल्याशिवाय सही नाही, असं म्हणून ताईने चपला घातल्या. जुनं गोदाम कारखान्याच्या समोरच होतं. शटर अर्धं वर गेलं आणि एक डबल गादी अंगावर आली. मागे छताला टेकलेल्या आणखी.

"या कुणाच्या?"

"आपल्याच. म्हणजे, विकलेल्या." शेठ गादीची शिवण चाचपू लागला. "विक्रीवाले ढिले पडले होते ना. म्हणून नियम केला, फाटकातून गादी बाहेर पडली की विक्री धरायची. बक्षीसही त्याच आकड्यावर."

"आणि त्यांनी गाद्यांना रस्ता ओलांडून दिला."

"दुकानांत माल जाईलच म्हटलं हळूहळू..."

"आणि नफा?"

"तो विक्रीवरूनच काढला."

"म्हणजे बाळ्या, आपला सगळा नफा समोरच्या फुटपाथवर झाला."

शेठ पडलेल्या गादीवर मटकन बसला. लबाडी त्याच्या मनात नव्हती. स्वतःच्या रेघेवर तो बिचारा मनापासून भाळला होता.

"पैसे हातात येतील तेव्हा विक्री धर," ताई म्हणाली. "आधी हे खपव."

"पण मग रेघ पार खाली येईल गं! लोक काय म्हणतील? त्यापेक्षा एवढं एक कर्ज..."

"काढ. घर बँकेने नेलं तर मला काय, दोन बॅगा भरायच्या आणि तुझ्याकडे राहायला यायचं. तुझ्या बायकोला आजच सांगून ठेवते."

शेठने अर्ज फाडला. आधी दोन तुकडे केले, मग बहिणीच्या चेहऱ्याकडे बघून चार.