सत्तेचाळीस किलोची भाची

माझी भाची जन्मली आणि दवाखान्यातल्या काट्याने तिचं वजन सत्तेचाळीस किलो एकशे पंधरा ग्रॅम दाखवलं. बाळ माझ्या धाकट्या बहिणीच्या एका हातावर मावत होतं. तरी डॉक्टरांनी आहारतज्ज्ञांना बोलावलं आणि वजन उतरेपर्यंत घरी सोडणार नाही म्हणून बजावलं. धाकटी रडकुंडीला आली.

काटा नेमका आमच्या कंपनीचा. तो वजनाचा आकडा दोन तुकड्यांत, म्हणजे बाईटमध्ये पाठवतो, मोठ्या किमतीचा आधी, लहान मागून. लहानाला पुढे बसवलं की तीन किलोचे सत्तेचाळीस होतात. आमच्या साहेबांनी कोडमध्ये हुशारी केली होती: आकडा वाचणाऱ्या यंत्राला आधी त्याचा क्रम विचारायचा, मग लागलं तर बाईट उलटे करायचे. दवाखान्यातल्या नव्या यंत्राने धादांत खोटं उत्तर दिलं.

"विचारायचंच कशाला?" मी म्हणालो. "पहिल्या बाईटला दोनशे छप्पन्नने गुणा, दुसरा मिळवा. यंत्र कुठलं का असेना."

"शाळेतलं गणित करत बसलो तर काटा रांगेल," साहेब म्हणाले.

मी हट्टाने ती साधी ओळ लिहून कंपायलरला, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला दिली. तो साहेबांपेक्षा समजूतदार. त्याने माझ्या मनातलं ओळखलं, गुणाकार-बेरीज गुंडाळून ठेवली आणि यंत्रासाठी एकच सूचना काढली: उचलतानाच उलटं कर. साहेबांच्या हुशारीचं मात्र त्याला ओ की ठो कळलं नव्हतं, त्याने तिच्या ढीगभर सूचना केल्या होत्या. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. मला गारेगार वाटलं, खोटं कशाला बोलू?

तडक दवाखान्यात जाऊन काट्यात नवा कोड भरला. भाचीला ठेवलं. बरोबर तीन किलो! धाकटीने हसत पिशवी भरायला घेतली.

डॉक्टर आकड्याकडे बघतच राहिले. "चव्वेचाळीस किलो उतरले? एका दिवसात?"

"उतरले नाहीत हो, नव्हतेच मुळी! काटा चुकला होता."

"काटा तर आता बरोबर आहे असं तुम्हीच म्हणताय." त्यांनी चष्मा काढला. "एवढी झीज मी उभ्या जन्मात पाहिली नाही. अतिदक्षता विभागात न्या हिला."

मी घसा फोडून सांगत राहिलो. नर्सने बाळ उचललं, दार बंद झालं.

धाकटी पिशवी धरून उभीच.

"दादा," ती म्हणाली, "आधीचं चुकीचंच परत घाल रे. जाड होती तेव्हा माझ्या कुशीत तरी होती."

मी लॅपटॉप उघडला.