नखांतली हळद

लातूरच्या त्या नर्सिंग होममध्ये मेट्रनची खुर्ची दोन वर्षं रिकामी होती आणि तिचं सगळं काम डेप्युटी मेट्रन रेणुका कांबळे करत होत्या. पगार डेप्युटीचा, बोलणी मात्र पूर्ण मेट्रनची. तरी आपल्या वॉर्डातल्या अठरा म्हाताऱ्यांपैकी एकाच्याही पाठीला झोपून झोपून जखम झालेली नाही, हे त्या मुदखेडच्या माहेरी कुणी न विचारताही सांगत.

रविवारी दुपारी एकला नवी सिस्टर शिवानी इन्सुलिन भरून व्यंकटरावांच्या खाटेशी उभी होती. व्यंकटराव भोकरचे, वय अठ्ठ्याहत्तर, भूक लहरी. म्हणून इन्सुलिन अन्न पोटात गेल्यावरच द्यायचं. डॉक्टर उमाशंकर घड्याळ बघत होते.

"फाइलवर लिहिलंय ना, जेवण झालं म्हणून? द्या मग."

"थांब गं," रेणुका म्हणाल्या.

"सिस्टर, मला अजून तीन पेशंट बघायचेत."

"मला अठरा, सर." त्या शिवानीकडे वळल्या. "काय विचारलंस मामांना?"

"जेवलात का, म्हणून. हाव म्हणाले."

"अगं, आपल्याकडं 'जेवलात का'ला 'न्हाई' म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. न्हाई म्हटलं की समोरच्याला ताट वाढावं लागतं ना!"

त्यांनी व्यंकटरावांचा उजवा हात हातात घेऊन पाहिला. आजच्या जेवणात पिवळं वरण होतं, पण मामांच्या नखांत हळदीचा ठिपका नव्हता. शेजारच्या खाटेवर संगप्पा मात्र दोन माणसांचे ढेकर देत होते.

"मामा?"

"नातीचा पेपर हाय, सिस्टरबाई. आमच्या सृष्टीचा, डाक्टरकीचा. पाचला सुटस्तोवर अन्नाला शिवायचं न्हाई, असं बोललो देवाला."

उपाशीपोटी सुई टोचली असती तर साखर एकदम उतरून काय झालं असतं, हे डॉक्टरांना सांगायची गरज नव्हती. शिवानीलाही कळलं, तिनं सुई परत ट्रेमध्ये ठेवली.

"तुमच्या उपाशी ऱ्हाण्यानं तिला एक मार्कबी वाढायचा न्हाई," रेणुका म्हणाल्या. "पर घेरी येऊन पडलात, तर पोरगी पेपर देऊन सरळ तुमच्या उशाशी. डाक्टर व्हायच्या आधीच पेशंट गळ्यात!"

"मंग देवाला काय सांगू?"

"सिस्टरनं जबरदस्ती केली म्हणा. देव मला वळखून हाय."

दुसरं ताट आलं. रेणुका समोर स्टूल टाकून बसल्या. दीड भाकरी पोटात गेली, तोवर शिवानीनं संगप्पांचीही साखर तपासली. डॉक्टर तेवढा वेळ थांबले. मग फाइलवर पेन टेकवून त्यांनी रेणुकांसोबतच्या अकरा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं,

"किती युनिट देऊ या, सिस्टर?"

रेणुकांनी आकडा सांगितला. डॉक्टरांनी तोच लिहिला. शिवानीनं आधी मामांची नखं पाहिली, मग सुई टोचली. रेणुका बघत राहिल्या. डेप्युटीला शोभेल त्याहून जरा जास्तच अभिमान त्यांच्या चेहऱ्यावर होता, आणि तो लपवायची तसदी त्यांनी घेतली नाही.