गाण्याचं दार

शिवणकामाच्या हॉलमधलं गाणं नवे साहेब येता-जाता कपाळाला आठ्या घालून ऐकत, पण ते बंद करा असं सरळ म्हणाले नाहीत. त्यांनी कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या नेटवर्कवालीला वरच्या केबिनमध्ये बोलावलं. कोणीही आपल्या टेबलावरून हॉलमधली गाणी बदलतं, हा सुरक्षेचा प्रश्न आहे, ते पोर्ट आजच्या आज बंद झालं पाहिजे, असं बजावलं.

पोर्ट हा शब्द साहेबांनी कुठेतरी ऐकला होता, तेवढंच. तिनं समजावून पाहिलं. कॉम्प्युटर एकच, पण त्याला नंबर घातलेली पुष्कळ दारं असतात. एका दारानं मेल येते, एकानं छपाईची कामं. हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरच्या एका दाराशी गाणी लावणारा प्रोग्राम बाहेरचा हुकूम ऐकायला कान देऊन बसलेला असतो. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. तिनं हॉलच्या कोपऱ्यातल्या आपल्या जागेवर येऊन ते दार बंद केलं. मागणी रास्त होती, खोटं कशाला बोला.

हॉलमध्ये गाणं चालूच राहिलं.

साहेब तणतणत खाली आले आणि सांगितलेलं कळत नाही का, असं तिला सगळ्यांदेखत विचारू लागले.

"दार बंदच आहे," ती म्हणाली. "बाहेरून आता कोणी ढवळाढवळ करू शकत नाही. पण गाणी आतच आहेत, साहेब. कडी घातली म्हणून घरातली माणसं बोलायची थांबत नाहीत."

"मग थांबवा."

समोर काजांच्या मशीनवर तिची मावशी बसली होती. आई गेल्यावर याच मशीनवर राबून तिनं भाचीला शिकवलं होतं. खडखडाटानं मावशीचा एक कान कधीच गेला होता. उरलेल्या कानाला एवढंच सुख होतं.

"मी नाही थांबवणार," नेटवर्कवाली म्हणाली. "पोर्टचं सांगणं सुरक्षेचं होतं, ते ऐकलं. हे सुरक्षेचं नाही. गाणं नको असेल तर या बायकांना तुम्ही स्वतः सांगा."

बायकांना काही सांगायच्या फंदात न पडता साहेब कॉम्प्युटरकडे वळले. तिथे ना बटण, ना चित्र. काळ्या पडद्यावर नुसता एक चौकोन लुकलुकत होता. शेवटी त्यांनी स्पीकरची वायर उपटली.

एकेक करत सगळी मशिनं थांबली. कोणी ठरवलं नव्हतं. मावशीनं पायडलवरचा पाय काढला, हाताची घडी घातली आणि बसची वाट बघावी तशी साहेबांकडे बघत राहिली. साहेबांनी दटावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं आणि पाय आपटत वर निघून गेले. मावशीनं उठून वायर जोडली.

नेटवर्कवालीची लगोलग गोदामात बदली झाली, बढतीवरही पाणी पडलं. तिनं अर्जविनंत्या केल्या नाहीत. जाण्याआधी तिनं मावशीला त्या काळ्या पडद्यासमोर बसवलं.

"अगं, मला कुठं येतं हे," मावशी कुरकुरली. पण चष्मा सारखा करून, एका बोटानं अक्षरं शोधत तिनं 'प्ले' टाइप केलं आणि एंटर दाबलं. गाणं लागलं.

मग तिनं आवाज वाढवायचा कसा, तेही विचारून घेतलं. वरच्या केबिनपर्यंत पोचेल एवढा.