पाहुण्याच्या जिभेची कॉफी

धारूरच्या बाजारात मल्लिनाथ आप्पांचं किराणा दुकान होतं. तूर असो की शेंगदाणा, आप्पा दाणा दाताखाली घालून भाव सांगायचे आणि तो सहसा त्यांच्याच फायद्याचा असायचा. लेकीच्या बाबतीत मात्र त्यांचा दात चालेना. शिवानीला बघायला आलेली दोन स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच. तिची आई महादेवी कपिलधारला नवस बोलून आली. मग उदगीरकडचं तिसरं स्थळ आलं. मुलगा विश्वेश्वर, बेंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. हे गेलं तर चौथं कुठून आणायचं, हा घोर आप्पांना लागला. मध्यस्थानं निघता निघता सांगितलं, "पोरगा चहाला शिवत न्हाई. कॉफी लागती, तीबी ताजी दळलेली."

धारुरात कॉफी म्हणजे जायफळ घालून आजाऱ्याला द्यायचं दूध. आप्पांनी सोलापूरची एस्टी धरली. तिथल्या कॉफी भाजून देणाऱ्यानं तीन बरण्या पुढं ठेवल्या: हलकी भाजलेली, मध्यम आणि काळी. आप्पांनी सवयीनं एकेक बी चावून बघितली.

"ही जळली की हो."

"जळली नाही, भाजली. लोक मागून नेतात."

"मग चांगली कोंची?"

"पिणाऱ्याला विचारा. जीभ त्याची."

"पिणारा बेंगळुरात हाय."

"मग मी काय सांगू?"

असा माणूस धंद्यात टिकतो कसा, हे आप्पांना कळेना. त्यांनी तिन्ही दळून घेतल्या, कॉफी गाळायचं भांडंही घेतलं आणि घरी आल्या आल्या निकाल दिला, "तिन्ही एकात मिसळा. तुरीचं आपण तसंच करतो. कुणाची तक्रार येत न्हाई."

"कौतुकबी येत न्हाई, आप्पा," शिवानी म्हणाली आणि तीन डबे वेगवेगळे ठेवले.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई चतुराबाई आणि मामा सुंदरराव. रीत अशी, की मुलीनं ट्रे घेऊन यायचं आणि खाली बघायचं. शिवानी रिकाम्या हातानं आली आणि थेट मुलाला विचारलं, "कॉफी कशी करू? हलकी भाजलेली, मध्यम का काळी?"

आप्पांनी डोळे मिटले. तिसरं स्थळ त्यांनी मनातल्या मनात बुडीत खाती टाकलं.

"हितं पोरगीच सवाल करती का?" सुंदरराव म्हणाले.

"त्याला सगळं चालतं," चतुराबाई म्हणाल्या. मुलाचं शिक्षण, पगार, उंची, सगळं आतापर्यंत त्यांनीच सांगितलं होतं.

"चालतं ते कळलं, काकू. आवडतं काय?"

विश्वेश्वरानं आईकडं बघितलं. मग सतरंजीकडं. "काळी," तो म्हणाला. "साखर नको."

"साखर नको? कधीपासनं रे?" आईनं विचारलं.

"तिकडं गेल्यापासनं."

"मी तर दर खेपेला दोन चमचे घालून देते."

"पितो की."

शिवानी आत जायला वळली, पण थांबली. "आन् तुमाला कशी, काकू?"

"करशील तशी."

"तसं न्हाई. आत या, वास घेऊन बघा."

चतुराबाईंना घरातल्या प्रत्येकाचं तिखट-मीठ पाठ होतं. स्वतःचं सांगायचा प्रसंग आला नव्हता. त्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या, तिन्ही डबे हुंगले, तिन्हींचा घोट घेतला, काळीला तोंड वाकडं केलं आणि हलकी धरली. भरपूर साखर. मग आणखी अर्धा कप मागितला.

बाहेरून मामांनी घसा खाकरला. "अक्का, निघायचं का? पोरगी लई बोलती."

"बोलू दे. तू बस," आतून आवाज आला. "आन् पोरीच्या वडलांना म्हणावं, लग्नाच्या तारखेचं बघा."

आप्पांनी डोळे उघडले.

सुंदररावांना कशी हवी, हे शेवटपर्यंत कुणीच विचारलं नाही. त्यांच्यापुढं मध्यम आली. ती त्यांनी बशीत ओतली आणि फुर्रकन पिऊन टाकली.