सातातलं एक बटण

बटण हरवलंय हे कळलं तो मंगळवार होता, दुपारचे सव्वादोन. बायकोला जाऊन अकरा आठवडे झाले होते.

मी अणुवीज केंद्रात फिटरांचा फोरमन आहे. वर्षातून एकदा टर्बाइन उघडतात, तेव्हा त्याच्याभोवती पिवळी दोरी बांधली जाते. दोरीच्या आत जाणारी प्रत्येक वस्तू रजिस्टरात लिहायची आणि बाहेर येताना जुळवायची. पान्हे मनगटाला बांधलेले, चष्मा पट्ट्याने डोक्याला, अंगठ्या काढलेल्या, खिसे शिवून टाकलेले. बटणंसुद्धा मोजतात. बटणांवर चिकटपट्टी लावायचा ठराव दोनदा झाला होता. पण पट्टीच सुटून आत पडली तर, असं एकाने विचारलं आणि सभा तिथेच मोडली.

"काका, सकाळी सात बटणं सांगितलीत," दोरीजवळच्या स्टुलावरून मोजणीबाई म्हणाली. तिचं काम तेच, म्हणून नावही तेच. "आता सहा आहेत."

"पुन्हा मोज."

"तीनदा मोजली. वरून चौथं नाही."

"पोट सुटलं असेल काकांचं, उडालं असेल," मागे उभा असलेला फिटर म्हणाला.

"पोट कसलं सुटतंय, अर्धे झालेत ते," असं म्हणून तिने शिट्टी वाजवली.

शिट्टी वाजली की काम बंद. चाळीस माणसं हातातलं टाकून बाहेर आली. टाकून म्हणजे मोजून, लिहून, बाजूला ठेवून. नेमके त्याच आठवड्यात दुसऱ्या केंद्रांतले सहा जण आमची पाहणी करायला आले होते. आमच्या धंद्यात ही पद्धत आहे. ते आमच्या चुका शोधतात, मग आम्ही त्यांच्याकडे जाऊन सूड घेतो. शिट्टी ऐकताच सहाही जण वह्या उघडून आले. मांडवात जेवणाची हाक ऐकल्यासारखे त्यांचे चेहरे झाले होते.

मला मात्र तिथल्या तिथे कळलं होतं. सकाळपासून पोटाला गार लागत होतं आणि मी मनात वातानुकूलनवाल्यांना शिव्या घालत होतो. बटण आत पडलंच नव्हतं. ते सकाळीच नव्हतं. मी न मोजता 'सात' म्हणालो होतो, आणि मी एवढा जुना माणूस म्हणून मोजणीबाईने तसंच लिहून घेतलं होतं.

न बघता खूण करणं हे आमच्याकडे सगळ्यात मोठं पाप. हात चुकला तर शिक्षा नाही, उलट सांगितलंस हे बरं झालं म्हणतात. पण खरं सांगितलं असतं तर पुढे काय होणार तेही मला ठाऊक होतं. डॉक्टर गोड बोलून विचारणार, झोप लागते का, जेवता का. मग टर्बाइनच्या मजल्यावरून खाली उतरवणार आणि विश्रांतीला घरी पाठवणार. घरी मला जायचं नव्हतं. केंद्रात निदान दर दोन तासांनी कुणीतरी विचारतं की तुमच्याकडे काय आहे आणि काय नाही.

म्हणून मी गप्प बसलो.

दोन फिटर आरसे आणि टॉर्च घेऊन टर्बाइनच्या पात्यांमध्ये शिरले. तासाभराने त्यांना पेनाचं एक टोपण मिळालं, टोकाला चांगलं चावलेलं. सबंध इमारतीत टोपण चावणारा माणूस एकच. आमच्या विभागाचे साहेब. दरवर्षी 'आत काहीही राहिलेलं नाही' या कागदावर सही करणारे तेच.

"हे जुनं असावं," साहेब म्हणाले.

"किती जुनं?" एका पाहुण्याने विचारलं आणि वही वळवून धरली.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "अहो, तुमचं बटण प्लास्टिकचं. वाफेत त्याचं काय उरणार? धागा कच्चा होता असं लिहू आणि मोकळे होऊ. ह्या टोपणाने माझी आधीच झोप उडालीय."

"त्यांची वही भरत आलीय साहेब."

"म्हणून तर म्हणतोय."

फिटर तिसऱ्यांदा आत शिरले. त्यातल्या एकाचे गुडघे दुखतात, तो आत कण्हत होता ते बाहेर ऐकू येत होतं. माझ्या शेजारी पाहुण्यांमधला सगळ्यात म्हातारा येऊन बसला. तोही मूळचा फिटरच.

"आमच्याकडे एकाची कवळी पडली होती," तो म्हणाला. "तीन दिवस शोधली. तो काही बोलेचना."

"का?"

"तोंड उघडलं असतं तर कळलं असतं की."

मला हसू आलं. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा. आणि हसता हसताच मी उठलो, मोजणीबाईकडे गेलो आणि म्हणालो, "त्यांना बाहेर बोलाव. मी सकाळी मोजलीच नव्हती."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मीही नाही," ती म्हणाली आणि दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या.

पण आमच्याकडे नुसत्या कबुलीने भागत नाही. बटण टर्बाइनमध्ये नाही हे ठरायला ते दुसरीकडे सापडायला हवं. म्हणून साहेब, मोजणीबाई आणि तो म्हातारा पाहुणा माझ्या घरी आले. पाहुणा बघतोय म्हटल्यावर साहेबांनी सगळं नियमाने केलं. दाराला पिवळी दोरी बांधली. मोजणीबाई उंबऱ्याशी माझ्याच स्टुलावर बसून लिहायला लागली.

"टॉर्च दोन. आरसा एक. साहेब एक."

"मला कशाला लिहितेस?"

"आत गेलेलं बाहेर यायला नको का?"

फरशीचे खडूने चौकोन पाडले. साहेब एका चौकोनातून दुसऱ्यात रांगत होते. बायकोने माझ्या कामाला एकतीस वर्षं नावं ठेवली. हे बघायला ती हवी होती. कोपऱ्यात सोळा दिवसांची वर्तमानपत्रं पडली होती, ओट्यावर एकच ताट. आमच्या शर्टाची बटणं निळी असतात, कडेला केंद्राची खूण असते. बायकोचा बटणांचा डबा साहेबांनी ट्रेमध्ये उपडा केला आणि दोनशे बारा बटणं मोजली. त्यात एकही निळं नव्हतं.

"कपडे कशात धुता?" मोजणीबाईने उंबऱ्यावरून विचारलं.

"मशीन आहे."

"फिल्टर कधी साफ केलात?"

"त्याला फिल्टर असतो?"

एकतीस वर्षं झडपा आणि गाळण्या उघडणाऱ्या माणसाने हे विचारलं होतं. मोजणीबाई उठली, स्वतःचं नाव रजिस्टरात लिहून आत आली आणि तिने मशीनच्या खालचं झाकण फिरवलं. फरशीवर पाणी आलं, मग राखाडी बोळा, आणि बोळ्यात निळं बटण.

साहेबांनी टाळी वाजवली. पाहुण्याने त्यांचा हात हातात घेतला.

मोजणीबाईने बोळा उलगडला. "बटण एक," ती म्हणाली. "केसांच्या पिना दोन. कुणाच्या..." आणि थांबली.

"लिही," मी म्हणालो. "आत होत्या त्या आतच राहतील."

डॉक्टरांनी ठरल्याप्रमाणे गोड बोलून मला चौदा दिवस मजल्यावर बंदी केली. साहेबांच्या टोपणाचा वेगळा अहवाल झाला, तो माझ्यापेक्षा सहा पानांनी मोठा आहे. माझा अहवाल सगळ्या केंद्रांना गेला. नाव कुणाचंच नाही, फक्त 'एक अनुभवी कर्मचारी'. शेवटी शिफारस, की बटणं घालणाऱ्याने मोजू नयेत, दुसऱ्याने मोजावीत. चार केंद्रांनी ती लगेच लागू केल्याचं कळवलं. एकाने विचारलं की चेन चालेल का.

आता मी घरी बसून मूळ कारणाचा फॉर्म भरतोय. आमच्याकडे एकाच चुकीला पाचदा 'का' विचारतात, मुळाशी जाईपर्यंत. पेन्सिलीने भरलंय.

मोजणी का चुकली? न मोजता सात सांगितली.

न मोजता का सांगितली? सातच असतील असं वाटलं.

असं का वाटलं? एकतीस वर्षं रोज सातच असायची.

रोज सातच का असायची? बायको दाराशी बोटाने टोचून मोजायची, एखादं ढिलं असलं तर मला थांबवून तिथेच टाका घालायची, आणि सातव्याला जोरात टोचून 'जा आता' म्हणायची.

मग त्या दिवशी तिने का मोजली नाहीत?

मोजणीबाईने दोनदा फोन केला. पाचही ओळी भरल्याशिवाय अहवाल बंद होत नाही, हे तिला सांगावं लागतं, तिचं कामच ते आहे. चार भरल्या आहेत. पाचवी अजून लिहिलेली नाही.