जेलरोडची बस

निवडणूक लागली आणि पेठरोडच्या त्या वसाहतीत ज्याला त्याला आपापलं दुखणं आठवलं. कोणाला चोवीस तास पाणी हवं होतं, कोणाला गटारीवर ढापे, कोणाला कोपऱ्यावरचा दिवा. चांगुणाबाईला बस हवी होती. पेठरोडवरून निघून थेट जेलरोडला जाणारी, आणि दोन वर्षांमागं कोणालाही न विचारता बंद केलेली.

जेलरोडला गिरजा होती, तिची पाठची बहीण. चांगुणाबाईला 'चांगे' म्हणणारं जगात आता तेवढं एकच तोंड उरलं होतं. बाकीच्यांची ती आई, आजी, आणि पाठ फिरली की वाघीण. गिरजाला ऐकू कमी, म्हणून फोनचा उपयोग नाही. ही इकडून ओरडायची, सगळ्या गल्लीला कळायचं, तिकडं गिरजा आपली "कोण? कोण?" करत बसायची. कंबर मोडल्यापासून तिचं उंबऱ्याबाहेर पडणंही संपलं होतं.

बस होती तेव्हा सकाळी जायचं, संध्याकाळी परतायचं. मधला अख्खा दिवस दोघींचा. एकीनं लसूण सोलायचा, दुसरीनं मेथी निवडायची, आणि मेलेल्यांपासून सुनांपर्यंत सगळ्यांची हजेरी घ्यायची. मग बराच वेळ काहीच बोलायचं नाही. ते न बोलता बसणंच चांगुणाबाईला जास्त आठवायचं.

मुलगा नवनाथ म्हणायचा, "आई, मी सोडतो ना गाडीवर."

"सोडशील, आणि दारात उभा राहून घड्याळ बघशील. मी काय पार्सल हाय?"

एकदा गेली होती त्याच्या मागं बसून. चहा बशीत ओतते न ओतते तोच याचं "निघायचं का?" सुरू. शेअर रिक्षानं जावं तर तीन ठिकाणी चढा-उतरा, गुडघे जागेवरच सोडून द्यावे लागतील. तेव्हा तिनं ठरवलं होतं, जाईन तर माझ्या बसनं जाईन. कोणापुढं 'नेतोस का रे' म्हणणार नाही.

उमेदवार संघर्ष हा गल्लीतच वाढलेला. मागं पोरांची फौज घेऊन तो दारात आला.

"जय भीम, आजी. वचननामा आणलाय."

"वाच. मला कुठं येतंय."

त्यानं वाचलं. चोवीस तास पाणी, नवे मीटर, एलईडी दिवे, रोज घंटागाडी, ज्येष्ठांसाठी खुली व्यायामशाळा.

"अरे, त्या लोखंडाला लटकून मी आता कोणाशी कुस्ती खेळणार? माझी बस कुठंय यात?"

आतून सून चैताली म्हणाली, "आई, पाण्याचं बोला ना. पहाटे उठून मोटार मला लावावी लागते."

"तू बोल की पाण्याचं. तोंड सासूला आंदण दिलंस का?"

पोरं हसली. संघर्षनं पेन काढून कागदाच्या कडेला खरडलं. "टाकली बस, आजी. पहिलं काम तेच."

"टाकू नको. चालव."

म्हणाली खरी, पण त्या दिवसापासून तिची जीभ मऊ पडली. गल्लीत दारोदार जाऊन सांगायची, मत संघर्षला, बस येतेय. उन्हाळ्यात वाळवलेल्या ज्वारीच्या बिबड्या गिरजासाठी एका डब्यात वेगळ्या काढल्या. चैतालीनं हात लावला तर म्हणाली, "ठेव. त्या जेलरोडच्या हायेत."

मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना शाळेपर्यंत न्यायला संघर्षनं वाल्मीकची रिक्षा लावली होती. चांगुणाबाई ऐटीत उतरली, आत जाऊन संघर्षची निशाणी कपबशी शोधली, बटण दाबलं आणि बाहेर चालू लागली.

"आजी, थांबा! अजून तीन मतं राहिलीत," टेबलामागचा माणूस ओरडला.

"माझं एकच होतं. दिलं."

"प्रभागात चार जागा आहेत. चारही द्यावी लागतात, त्याशिवाय मशीन पुढं जात नाही."

मागच्या निवडणुकीला ती इगतपुरीला लेकीच्या बाळंतपणात होती. तिच्या डोक्यात अजून जुनाच कारभार होता. वॉर्ड एक, माणूस एक, धरायची कॉलर एक.

"चौघं? मग बस कोण आणणार?"

रांगेतली एक बाई म्हणाली, "चौघं मिळून ठरवतील, आजी."

"अगं, चार जावा मिळून एक भाजी ठरवतात का कधी?"

सगळी खोली हसली. ती मात्र हसली नाही. परत गेली, न बघताच तीन बटणं दाबली. मशीन लांबलचक ओरडलं.

रिक्षात बसल्यावर तिनं विचारलं, "वाल्मीक, बाकीचे तिघं बस मागतायत का रे?"

"नाय बा. एकाचं गार्डन हाय, एकाचं पार्किंग. तिसऱ्याला मी वळखत नाय. आणि हे सगळं वर जाणार, मंजुरी येणार... आली तर दिवाळीपर्यंत येईल, आजी."

चांगुणाबाईनं बोटांवर महिने मोजले. मागच्या खेपेला गिरजाचा हात हातात घेतला होता, तर तिची बांगडी घरंगळत कोपराशी गेली होती. दिवाळी.

"वळव."

"कुठं?"

"जेलरोडला."

"आजी, अजून म्हाताऱ्या आणायच्यात मला!"

"मग मी काय तरणी हाय? अख्ख्या गल्लीची मतं गोळा केली मी तुझ्या सायबाला. एक फेरी माझी. वळव."

बिबड्यांचा डबा घरीच राहिला. रिकाम्या हातानं ती गिरजाच्या दारात उभी राहिली. गिरजा उन्हाच्या तिरिपेत खाटेवर बसली होती. तिनं डोळ्यांवर हात धरला, नीट पाहिलं.

"चांगे! बसनं आलीस?"

खरं सांगायचं तर ओरडावं लागलं असतं. चांगुणाबाईनं मान हलवली.

"सुरू केली होय मेल्यांनी! मग आज दिवसभर हायेस." गिरजा भिंतीकडं सरकली, जागा केली, आतल्या नातीला म्हणाली, "तांदूळ जास्तीचे टाक गं."

बाहेर हॉर्न वाजला. गिरजाला तो ऐकू आला नाही. पुन्हा वाजला. चांगुणाबाई बाहेर आली.

"चला आजी, सायबाचे फोनवर फोन येतायत."

"तू जा."

"मग तुम्ही येणार कशा?"

ती चौकट धरून उभी राहिली.

"नवनाथला सांग. आई म्हणाली, न्यायला ये." आणि रिक्षा सुरू झाली तशी मागून ओरडली, "अंधार पडल्यावर म्हणाव! आधी आला तर दार उघडायची नाय!"

ती आत येऊन खाटेवर टेकली. गिरजानं तिच्या पायांवर गोधडी ओढली.

"परतीची बस कधी गं तुझी? चुकायची नाहीतर."

चांगुणाबाई तिच्या कानाशी वाकली.

"लय उशिरा हाय," ती म्हणाली.