श्वासाने पुसली जाणारी अक्षरे

कापडाच्या गुदामावरील दालनात त्या दुपारी तीनशे माणसे असूनही पंख्याची कुरकुर स्पष्ट ऐकू येत होती. पत्रमहाराजांनी कोरा कागद उजेडात धरून सर्वांना दाखवला आणि पिसाने त्यावर तांब्यातील निर्मळ पाणी शिंपडले. हळूहळू गुलाबी अक्षरे उमटली: ‘आई, ये. मी एकटी आहे.’

माझ्या धाकट्या बहिणीने अक्षराचे वळण ओळखले. तिची अकरा वर्षांची मुलगी चार महिन्यांपूर्वी तापाने गेली होती.

“परलोकीचं टपाल, माउली!” महाराज म्हणाले. “तिकीट नाही, शिक्का नाही, रविवारची सुट्टीसुद्धा नाही! आता लेकीला श्वास द्या.”

ती फुंकर घालत राहिली, आणि अक्षरे फिकट होत होत नाहीशी झाली.

“घेतला! लेकीनं श्वास घेतला!”

सभेत हुंदका फुटला. माझ्याही अंगावर काटा आला, हे मी लपवीत नाही.

महाराजांची आज्ञा झाली: अकरा दिवस अन्न वर्ज्य, बाराव्या दिवशी मायलेकींची भेट. ती भेट कोठे व्हायची, हे कोणीही विचारले नाही.

सातव्या दिवशी बहीण तो कागद उराशी धरून अंथरुणाला खिळली होती. उशाशी माझी सून बसली होती. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते.

“आत्या, दोन घास तरी घ्या.”

“चारच दिवस उरलेत गं. आता मोडता घालू नकोस.”

“अक्षरांचा रंग कोणता होता?”

“तुला रंगाचं पडलंय? गुलाबी. तिच्या रिबिनीसारखा.”

“आणि फुंकरीनं गेला?” सून उठली. “बाबा, भिंतीचा चुना उरलाय का घरात?”

तिने चुना पाण्यात कालवला, गाळ खाली बसू दिला आणि वरची निवळी कापसाने त्या कागदावर फिरवली. ‘आई, ये.’

“आली! दादा, माझी सोनी आली!” बहीण ताडकन उठून बसली. क्षणभर मीही दाराकडे पाहिले.

तासाभरात सून कॉलेजातून एक बाटली घेऊन आली. आतला द्राव रंगहीन होता. काडीने तिने दुसऱ्या कागदावर लिहिले, वाळवले, निवळी लावली. गुलाबी अक्षरांत उमटले: ‘आत्या, जेवा.’

“घाला फुंकर.”

तीही अक्षरे गेली.

“याला फिनॉल्फ्थॅलीन म्हणतात. याच्या रेणूत मधोमध कार्बनचा एक अणू असतो, चार बंध चार दिशांना धरून. चुन्याचं पाणी लागलं की एक बंध सुटतो आणि उरलेले तीन एका पातळीत येतात. आम्ही याला संकरण बदलणं म्हणतो. मग इलेक्ट्रॉन रेणूभर पसरतात, प्रकाशाचा काही भाग शोषतात आणि रंग दिसतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याचा जोर मारतो, तुटलेला बंध पुन्हा जुळतो, रंग जातो. महाराजांच्या तांब्यातही अशीच निवळी असणार. श्वास कुणाचाही चालतो.”

“पण अक्षर तिचंच होतं!”

“तिची वही कुठंय, आत्या?”

बहिणीने कागदावरच्या वळणाकडे पुन्हा पाहिले. पहिल्याच भेटीत महाराजांनी ‘शुद्धीसाठी’ वही मागितली होती, आणि तिने ती स्वहस्ते, रेशमी वस्त्रात गुंडाळून नेऊन दिली होती.

कागद खाली ठेवून तिने विचारले, “म्हणजे ती मला बोलावत नव्हती? तिथं एकटी नाहीये ती?”

“एकटं वाटायला ती उरलीच नाही, आत्या. एकटं वाटतंय ते तुम्हाला.”

चार महिन्यांत प्रथमच बहीण मोठ्याने रडली. मग तिने कोमट दुधाचा पेला दोन्ही हातांनी धरला.

पुढील आठवड्यात ती त्याच दालनाचा जिना चढली. मुलाचे दप्तर छातीशी धरून एक तरुण बाप रांगेत उभा होता. तिने त्याचे मनगट धरले.

“भाऊ, आधी कागद आपला द्या, पाणी आपल्या नळाचं द्या. मग म्हणावं, लिहून दाखवा. तुमचं दुःख खरंच आहे, त्याचा पुरावा कुणी मागणार नाही. पण त्या दुःखाला जो आज्ञा देतो ना, त्याच्याकडे पुरावा मागा.”